चार खळगे

किल्ल्या देताना त्या बाईंनी
मीटरचा आकडा लिहून घेतला,
माझी सही घेतली,
आणि छताकडे बोट करून म्हणाल्या,
दिवा तुमचा तुम्ही.
वर तीन वायरी लोंबत होत्या,
तपकिरी, निळी, हिरवी-पिवळी.
इथं घर सोडणारा माणूस दिवे काढून नेतो,
स्वयंपाकघरसुद्धा काढून नेतो.
ओटा नाही, सिंक नाही,
भिंतीतून दोन नळ्या तेवढ्या बाहेर आलेल्या,
तोंडात बोळे कोंबून गप्प केलेल्या.

केम्निट्झ. नोव्हेंबर. चौथा मजला, लिफ्ट नाही.
साडेचारला अंधार.
पेल्यात फोन उभा करून, त्याच्या बॅटरीच्या उजेडात
पहिल्या रात्री ब्रेड खाल्ला
कोटावर कोट घालून, जमिनीवर.
दूध खिडकीबाहेर.

आईला व्हिडिओवर घर दाखवलं.
अगं, सामान कुठाय?
येतंय, म्हटलं.
दूध ऊतू घातलंस का?
शेगडी कुठाय, म्हटलं.
ती जरा वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, बरं. पण उगाच सांडू नकोस.

खाली बेलवर नाव लागत नाही
तोवर पोस्टमनच्या लेखी आपण नसतोच.
पट्टी दीड बोटाची.
पिंपळखरे काही मावेना.
कात्रीनं जेवढं बसलं तेवढं बसवलं: पिंपळ.
आता जिन्यात सगळे मला फ्राउ पिंपळ म्हणतात.
आमच्याकडे भिंतीत पिंपळ उगवला
की मुळाशी हिंग घालतात.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

टेबल जुन्या सामानाच्या दुकानातून, बारा युरो.
दुकानातला तेस्फाय ट्रॅमपर्यंत आला,
मग म्हणाला, चल, येतोच.
ट्रॅममध्ये एका म्हातारीनं
विचारून त्यावर पिशवी टेकवली,
तिचा थांबा येईपर्यंत ते तिचंच होतं.
तिसऱ्या मजल्यावर आम्ही धापा टाकत असताना
दार उघडून हेर डीच बाहेर आले.
टेबलाकडे बघत राहिले.
वाकून खालून हात फिरवला,
जसं गाईच्या पोटावरून फिरवावा.
म्हणाले, हे मी तीन आठवड्यांपूर्वी खाली उतरवलंय.
हॅनेलोरेचं.
वर अडतीस वर्षं राहायची.
आता वृद्धाश्रमात आहे, तिथल्या खोलीत मावलं नसतं.
आणि तेस्फायला बाजूला सारून
शहात्तराव्या वर्षी त्यांनी एक टोक धरलं.
वळणावर म्हणाले, इथं तिरकं करायचं.
म्हणजे करायचंच.

स्वयंपाकघरातल्या लिनोलियमवर
चार खळगे होते,
मी ते पाहिले होते, पुसले होते,
खराब फरशी म्हणून फोटोही काढून ठेवला होता
डिपॉझिटच्या भांडणासाठी.
चारही पाय त्यांत जाऊन बसले.
टेबलाला घर माहीत होतं.
नवखी मीच.

मग डीच शिडी घेऊन आले,
फ्यूज काढला, तपकिरीला तपकिरी जोडली.
चहाला थांबा म्हटलं,
तर त्यांनी माझ्या एकुलत्या एका कपाकडे पाहिलं
आणि, पुढच्या वेळी, म्हणाले.

ते गेल्यावर मी केटलीत दूध घातलं.
केटलीत दूध तापवू नये,
आतल्या कागदावर चित्र काढून फुली मारलेली आहे.
तरी घातलं.
झाकण उघडं ठेवून बघत उभी राहिले,
आणि आले ते फेसासकट, वासासकट, भराभर.
केटली गेली.
दूध टेबलावरून निघालं,
सुरीच्या एका जुन्या चरीत शिरलं,
हॅनेलोरे रोज तिथंच पाव कापत असणार,
आणि त्या चरीतून सरळ जाऊन
काठावरून थेंब थेंब पडू लागलं.
मी लगेच पुसलं नाही.
आईला फोन लावला, तिकडे रात्रीचे बारा वाजून गेलेले.
म्हटलं, सांडलं.